नाव सांगा, आजी!

आमच्या लहानपणी डॉक्टरांना कुणी आपले नाव सांगितल्याचे मला आठवत नाही. दवाखान्याची पायरी चढलो की आतूनच आवाज येई, "काय रे, पुन्हा चिंचा खाल्ल्यास वाटतं?" कंपाउंडर बाटलीवर कातरलेली कागदाची पट्टी चिकटवी, आणि पैसे महिनाअखेरीस दिले तरी चाले.

गेल्या वर्षी आईचा गुडघा बदलायचा म्हणून आम्ही एका मोठ्या रुग्णालयात दाखल झालो. शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळपासून चौघांनी तिला विचारले, "आजी, पूर्ण नाव सांगा. जन्मतारीख? कुठला गुडघा?" मनगटावर नावाची पट्टी बांधलेली! आई भडकलीच. "एवढे पैसे मोजून माझं नावसुद्धा यांना ठाऊक नाही!"

पैशांचे म्हणाल, तर २०१७ साली सरकारने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीला मर्यादा घातली. सर्वाधिक वापरातला, सरासरी दीड लाखाहून अधिक छापील किमतीचा गुडघा करांखेरीज ५४,७२० रुपयांवर आला. पण खोलीभाडे, तपासण्या, औषधे यांची बेरीज होतेच. बिल पाहून धाकट्या भावाने पाणी मागितले!

शस्त्रक्रिया नीट पार पडली. दुसऱ्या रात्री एक नवखी परिचारिका धावतपळत आली. एकटीवर सगळा वॉर्ड. तिने आईच्या हातावर गोळ्या ठेवल्या. आई म्हणाली, "अगं, आज नाव नाही का विचारायचं?"

मुलीने कागद पाहिला आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. गोळ्या शेजारच्या खाटेवरच्या कुलकर्णीबाईंच्या होत्या, मधुमेहाच्या. आम्हीही कुलकर्णीच, पण आईला मधुमेह नाही, आणि दिवसभर तिच्या पोटात धड अन्नही नव्हते. साखर एकदम उतरली असती तर?

मग मला त्या प्रश्नांचा अर्थ उमगला. अमेरिकेतले शल्यविशारद डॉ. अतुल गावंडे यांचे वडील विदर्भातल्या उटी गावचे. डॉ. गावंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी शस्त्रक्रियेच्या वेळी वाचायची १९ कलमांची यादी केली. पहिलेच कलम रुग्णाची ओळख पटविण्याचे! नवी दिल्लीसह आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत ती वापरून पाहिली. शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले, असे २००९ साली प्रसिद्ध झाले. खर्च म्हणाल, तर एका कागदाचा!

जुने डॉक्टर आपल्याला ओळखत, म्हणून विचारीत नसत. आताची रुग्णालये ओळखत नाहीत, म्हणून त्यांनी विचारलेच पाहिजे. आणि ती विसरली, तर आपण आठवण दिली पाहिजे. त्यात भीड कसली?

घरी निघताना कारकुनाने नाव विचारले. आईने स्वतःचे, वडिलांचे, सासरचे, माहेरचे सगळे सांगितले, आणि शेवटी म्हणाली, "आणि तुझं नाव काय रे, बाळा?"