समजून घ्या : कृष्णविवर विरून गेले, तर आत पडलेल्याची नोंद कुठे जाते?

पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरातल्या अमावास्येला दिवेआगरच्या किनाऱ्यावर उभे राहा. अंधार पडताच नैऋत्येला समुद्रावर धनु रास दिसते. त्याच दिशेला, सुमारे २७ हजार प्रकाशवर्षांवर, ४३ लाख सूर्यांच्या वस्तुमानाचे कृष्णविवर आहे. त्यातून प्रकाशही सुटत नाही. तरीही कृष्णविवरे झिजू शकतात, असे विज्ञान सांगते. कारण? भोवतालची पोकळी.

पोकळी रिकामी नसते का?
हवा, धूळ, प्रकाश, सारे काढून टाकले तरी क्वांटम क्षेत्रे उरतातच. वारा पडला तरी समुद्र आरशासारखा सपाट होत नाही, तशी या क्षेत्रांची किमान चळवळ कधी थांबत नाही. तारा कोसळून कृष्णविवर बनते, तेव्हा ही चळवळ विस्कटते. दूरच्या निरीक्षकाला ती मंद उष्णतेसारखी जाणवते. स्टीफन हॉकिंग यांनी १९७४ मध्ये हे गणिताने दाखवले. ही ऊर्जा कृष्णविवराच्या वस्तुमानातूनच खर्ची पडते.

मग ते दिसत का नाही?
सूर्याएवढ्या वस्तुमानाच्या कृष्णविवराचे तापमान जेमतेम ०.०००००००६ केल्विन. विश्वात सर्वत्र भरलेले प्रारण मात्र २.७ केल्विनचे. त्यामुळे अशी कृष्णविवरे आज गमावतात त्याहून अधिक कमावतात. ती विरायला १ वर ६७ शून्ये इतकी वर्षे लागतील. आकाशातल्या कृष्णविवराचे हॉकिंग प्रारण अद्याप कुणी टिपलेले नाही.

नेमका पेच काय?
दिवेआगरचेच उदाहरण घ्या. १९९७ मध्ये सुपारीच्या बागेत सापडलेला सुवर्णगणेशाचा मुखवटा मार्च २०१२ मध्ये चोरीला गेला आणि वितळवला गेला. सोने परत मिळाले, मूळ घडण नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये नव्या मुखवट्याची प्रतिष्ठापना झाली. हॉकिंग यांचे गणितही असेच सांगत होते : ऊर्जा परत येईल, आत काय पडले याची नोंद नाही. पण क्वांटम सिद्धान्ताला हे मान्य नाही. त्याच्या मते वितळलेल्या सोन्याच्या कणाकणांतही मूळ घडणीची खूण तत्त्वतः उरलेली असते. म्हणजे दोन्हींपैकी एक नियम चुकतो आहे.

मुंबईचा वाटा काय?
कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत अविनाश धर, गौतम मंडल आणि स्पेंटा वाडिया यांनी १९९६ मध्ये स्ट्रिंग सिद्धान्त वापरून एका विशिष्ट प्रकारच्या कृष्णविवराचे गणित मांडले. सुमित दास आणि समीर माथुर यांनीही त्याच वर्षी असे काम केले. उत्तर हॉकिंग यांच्या प्रारणाशी जुळले, आणि त्या पद्धतीत नोंद पुसली जाण्याचे कारणच नव्हते. जानेवारी २००१ मध्ये मुंबईत स्ट्रिंग सिद्धान्ताची जागतिक परिषद भरली, तेव्हा हॉकिंग स्वतः आले होते. २००४ मध्ये त्यांनी मत बदलले : नोंद नष्ट होत नाही.

मात्र ती बाहेर येते कशी, यावर आजही एकमत नाही. धनु राशीकडे पाहताना एवढे ध्यानात ठेवा : त्या काळोखातही हिशेब अजून मिटलेला नाही.