बागेची जागा, बागेचे पाणी, बागेचा माळी

मुंबईच्या गिरणी कामगारांस रविवारची हक्काची सुटी मिळाली ती १८९० साली. नारायण मेघाजी लोखंडे यांनी तिच्यासाठी अर्ज केले, सह्या गोळा केल्या, सभा भरविल्या; आणि त्या वर्षीच्या १० जूनला मालकांच्या संघाने ती मान्य केली. हा इतिहास आम्ही कॉलेजात शिकलो नाही, युनियनच्या कचेरीत रात्रीच्या वेळी वाचला. वाचताना एक प्रश्न मनात आला, तो अजून गेलेला नाही. सुटी मिळाली, पण ती घालवावयाची कोठे? दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसे, त्यांतली दोन रात्रपाळीची. मग उरतो तो गुत्ता, नाही तर रुळाची कड. कामाचे तास कमी करून घेणे ही लढ्याची एक बाजू. त्या मोकळ्या तासाला जागा मिळवून देणे ही दुसरी, आणि ती जागा नगररचनेच्या नकाशात दडलेली असते. म्हणून आज नकाशाविषयी बोलावयाचे आहे. विषय रुक्ष आहे हे आम्हांस ठाऊक आहे. पण वसंतातली व्याख्याने मोकळ्या हवेत ऐकावयाची ज्यांस आवड आहे, त्यांना मोकळ्या जागेचा हिशेब कंटाळवाणा वाटू नये.

प्रथम हिशेबच मांडू. केंद्र सरकारने २०१४ साली नगरनियोजनाची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांत दर माणशी दहा ते बारा चौरस मीटर मोकळी जागा असावी असे म्हटले आहे. धाराशिव शहराची वस्ती २०११ च्या शिरगणतीतच एक लाखाच्या वर गेलेली होती. म्हणजे कमीत कमी दहा लाख चौरस मीटर, शंभर हेक्टर, आपल्या मापाने सुमारे अडीचशे एकर. आपल्या गावात बागा, मैदाने मिळून किती एकर भरतात, ते संध्याकाळी फिरावयास निघालात तर पावलांनी मोजता येईल. फार वेळ लागणार नाही.

ही जागा येते कोठून? दोन वाटा आहेत. पहिली वाट विकास आराखड्याची. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ या कायद्यान्वये प्रत्येक नगरपरिषदेने आराखडा करावयाचा आणि त्यात शाळा, दवाखाना, बाजार, बगीचा यांकरिता जागा राखून ठेवावयाच्या. नकाशावर हिरवा रंग दिसतो तो बगीच्याचा किंवा मैदानाचा. दुसरी वाट वस्तीच्या मांडणीची. चार हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या, म्हणजे साधारण एकराच्या जमिनीचे प्लॉट पाडले, तर दहावा हिस्सा मोकळा सोडावा लागतो. गल्लीतली छोटी बाग होते ती बहुधा याच तुकड्यावर. परंतु ज्या वस्त्या गुंठ्यागुंठ्याने, बाँडपेपरवर विकल्या गेल्या, तेथे हा दहावा हिस्सा सुटलेलाच नसतो. २००१ च्या गुंठेवारी कायद्याने पुष्कळ घरे नियमित करता आली, हे चांगलेच झाले. पण घर नियमित झाले तरी त्याच्या दारापुढचे मैदान कोठून आणणार? हमाल, बांधकाम मजूर, धुणीभांडी करणाऱ्या बाया राहतात त्या बहुतेक याच वस्त्यांत. ज्याचे घर सर्वांत लहान, त्याच्याच मुलांना खेळावयास जागा नाही, असा हा उलटा न्याय आहे.

बरे, नकाशावरचा हिरवा रंग तरी पक्का असतो काय? मुळीच नाही. त्याच कायद्याचे १२७ वे कलम प्रत्येक नागरिकाने वाचावे. आरक्षण पडल्यापासून दहा वर्षांत जमीन ताब्यात घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. आणि २०१५ च्या दुरुस्तीप्रमाणे नोटिशीपासून चोवीस महिन्यांत संपादनाची पावले पडली नाहीत तर आरक्षण आपोआप रद्द होते. मालकाच्या बाजूने पाहिले तर यात अन्याय नाही. एखाद्याची जमीन जन्मभर अडकवून ठेवावयाची आणि पैसा द्यावयाचा नाही, हे कोणास आवडेल? पण गावाच्या बाजूने पाहिले तर बाग मोडण्यास कोणी कुऱ्हाड घेऊन यावे लागत नाही. फाइल चोवीस महिने टेबलावर पडून राहिली की पुरे.

येथे मुंबईचे एक उदाहरण सांगितल्यावाचून राहवत नाही, कारण ते आमच्या माणसांचे आहे. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला गिरण्यांचा संप आपणां सर्वांस माहीत आहे. त्यानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या आणि त्यांच्या जमिनी उरल्या. १९९१ च्या नियमावलीने ठरविले की गिरणीची जमीन विकावयाची तर तिचे तीन भाग करावेत: एक मोकळ्या जागेसाठी महापालिकेस, एक घरांसाठी म्हाडाला, एक मालकास. गिरणगावाच्या मध्यभागी बागा आणि मैदाने उभी राहतील असा हा नियम होता. २००१ साली तो बदलला. बदल वाचावयास लहान होता. तिसरा हिस्सा काढावयाचा तो सगळ्या जमिनीचा नव्हे, तर जी आधीच मोकळी पडलेली असेल तेवढ्याचाच, असे त्यात आले. गिरणीची जमीन म्हणजे खाती, गोदामे आणि चाळी. मोकळी ती कितीशी असणार? प्रकरण न्यायालयात गेले. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली लोकांच्या बाजूने निकाल दिला, आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवून बदललेला नियम कायम केला. लालबाग-परळात आज टोलेजंग इमारती दिसतात. मैदाने मात्र शोधावी लागतात.

आता नदीकडे वळू. आपल्या शहरातून भोगावती वाहते. वाहते म्हणजे पावसाळ्यात. एरवी तिच्यात काय वाहते ते आपण नाक धरून ओलांडतो. अशा नदीच्या काठी हिरवा पट्टा करावा, झाडे लावावीत, बसावयास ओटे बांधावेत, ही कल्पना उत्तम आहे. पण नदीकाठची बाग ही गल्लीतल्या बागेसारखी नव्हे. तिला दुसरा मालक आहे, तो म्हणजे पूर. जलसंपदा खाते नदीच्या दोन रेषा आखते. पंचवीस वर्षांतून एकदा येईल अशा पुराची निळी, आणि शंभर वर्षांतून एकदा येईल अशा पुराची लाल. निळ्या रेषेच्या आत बांधकामास मनाई. तेथे बाग, मैदान, पीक, असेच उपयोग चालतात. म्हणजे कायद्यानेच नदीकाठ बागेसाठी सोडलेला आहे. दुर्दैव असे की सुधारणेच्या नावाखाली पुष्कळ ठिकाणी आधी दोन्ही बाजूंना सिमेंटची भिंत उभी राहते, नदीचा नाला होतो, भिंतीमागे भराव पडतो. आणि भराव पडला की त्यावर बागेऐवजी दुकानांचे गाळे उगवतात.

आमच्या जिल्ह्याने पाण्याचे दोन्ही अवतार पाहिले आहेत. २०१६ च्या उन्हाळ्यात शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले; १९८२ पर्यंत लातूर आपल्याच जिल्ह्यात होते. आणि २०२५ च्या सप्टेंबरात परंडा, भूम भागात नद्यांनी शेते, घरे, गुरे ओढून नेली. ज्यांनी ते पाणी पाहिले त्यांना नदीची जागा नदीला का सोडावी हे समजावून सांगावे लागत नाही.

यात परदेशी तज्ज्ञांकडूनच शिकले पाहिजे असेही नाही. नळदुर्गच्या किल्ल्यात जाऊन पाहावे. बोरी नदी किल्ल्यात घेऊन तिच्यावर बंधारा बांधला, आणि १६१३ साली, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, बंधाऱ्याच्या पोटात पाणीमहाल केला. नदी भरली की पाणी नर आणि मादी या दोन वाटांनी बंधाऱ्यावरून खाली कोसळते. आत बसलेला माणूस कोरडा राहतो. चारशे वर्षे हे चालले आहे. बांधणाऱ्याने पुराचे पाणी अडवून धरले नाही, त्याच्या जाण्याची वाट आधी ठरविली आणि मग आपल्या बसण्याची जागा काढली. भोगावतीच्या काठी पाणीमहाल नको. ओटे, पायवाटा, झाडे अशी मांडावीत की वर्षातून चार दिवस ती पाण्याखाली गेली तरी पाचव्या दिवशी झाडून पुन्हा वापरता यावीत. काठ धरून ठेवावयास वाळा, लव्हाळा, निरगुडी. वर करंज, उंबर, जांभूळ, अर्जुन. सिमेंटपेक्षा ही स्वस्त आहेत, आणि त्यांच्या कामाचे टेंडर मोठे निघत नाही. कदाचित त्यामुळेच ती आराखड्यात कमी दिसतात.

बागेचे पाणी हा तर स्वतंत्र धडाच आहे. चित्रात बाग दाखवितात तेव्हा पुढे हिरवेगार लॉन असते. उन्हाळ्यात त्याला चौरस मीटरमागे रोज सुमारे पाच लिटर पाणी लागते. एक गुंठा म्हणजे शंभर चौरस मीटर; पाचशे लिटर झाले. शहरात दर माणशी रोज १३५ लिटर पाणी द्यावे असे सरकारी प्रमाण आहे. म्हणजे गुंठाभर लॉन जवळजवळ चार माणसांचे पाणी पिते, आणि एक एकर लॉन दीडशे माणसांचे. शहराचे पाणी येते शंभरेक किलोमीटरवरच्या उजनीहून, पंपांनी उपसून. हंडे घेऊन नळाची वाट पाहणाऱ्या बाईच्या समोर कारंजे उडविणे आम्हांस तरी शोभत नाही असे वाटते. लिंब, वड, पिंपळ ही झाडे दोन-तीन वर्षे जपली की पुढे आपली आपण जगतात आणि सावली देतात. बागेत माणूस सावलीसाठी येतो. लॉनवर तर पुष्कळदा ‘चालू नये’ अशी पाटीच असते! नाल्याचे पाणी शुद्ध करून झाडांना देता येते. आराखड्यात त्याची नळजोडणी पहिल्या दिवसापासून दाखविलेली असावी, नंतर पाहू म्हणून चालत नाही.

जागा झाली, पाणी झाले. राहिला माळी, आणि येथे आमचा धंदा आड येतो. सन २०१५ पासून केंद्राच्या अमृत योजनेत लाखावर वस्तीच्या शहरांना हिरव्या जागांसाठीही पैसा ठेवलेला होता आणि आपले शहर त्या यादीत होते. असा पैसा बांधण्यासाठी येतो: कुंपण, फरसबंदी, व्यायामाची लोखंडी यंत्रे, कमान, कोनशिला. माळ्याचा पगार त्यात नसतो. तो नगरपरिषदेने आपल्या पोटातून द्यावयाचा; मग ती काम ठेकेदाराकडे देते. मराठवाड्यातल्या एका गावी अशा ठेक्यावरच्या माळ्यांची बैठक आम्ही घेतली होती. तीन बागांना मिळून दोन माणसे, किमान वेतनाहून कमी मजुरी, तीही तीन महिने थकलेली. रबरी नळी फाटलेली, ती त्यांनी सायकलच्या ट्यूबने बांधली होती. त्यांतला एक वयस्क माळी म्हणाला, “बप्पा, उद्घाटनाला झाडाला पाणी घालायला आठ मानसं आली व्हती. दुसऱ्या दिशी म्या एकटाच.” ती बाग पुढच्या उन्हाळ्यात वाळली, कमान अजून उभी आहे.

म्हणून आराखडा पुढे आला की आम्ही शेवटचे पान आधी पाहतो. देखभालीस दरवर्षी किती रुपये, कोणत्या खात्यातून, माळी किती, कायम की ठेक्यावर? हे पान कोरे असेल तर पुढच्या रंगीत चित्रांना अर्थ नाही. इंग्लंडातील बर्कनहेड येथे १८४७ साली सार्वजनिक पैशातून बांधलेली बाग सर्वांसाठी खुली झाली आणि ती आजही चालू आहे. असे होते ते बांधणाऱ्यांच्या मागून पिढ्यान्‌पिढ्या कोणी तरी पगारावर गवत कापत राहिले म्हणून.

आणखी एक बाब आराखड्यातून नेहमी सुटते: बाग उघडी केव्हा असते? सकाळी फिरणाऱ्यांसाठी पाच ते नऊ, मग कुलूप, संध्याकाळी पुन्हा उघडी. सकाळी फिरणारे बहुधा पेन्शनर आणि व्यापारी. त्यांच्याशी आमचे भांडण नाही. पण मजूर अड्ड्यावर दहा वाजेपर्यंत काम न मिळालेला माणूस वैशाखाच्या उन्हात कोठे बसणार? दवाखान्यात रोग्याबरोबर खेड्यातून आलेली बाई भाकरी कोठे सोडणार? तिला मुतारी लागते, पिण्याचे पाणी लागते, अंधार पडल्यावर दिवा लागतो. बायका बागेत येत नाहीत असे म्हणतात. या तीन सोयी करून पाहा, आणि मग मोजा.

प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला म्हणजे हरकती व सूचना मागविल्या जातात. मुदत मोजक्या दिवसांची असते आणि ती नोटिशीत छापलेली असते. हरकत साध्या कागदावर, मराठीत लिहिता येते. वकील लागत नाही. तीत सर्व्हे नंबर आणि आरक्षणाचा क्रमांक घालावा, नुसते ‘आमच्या गल्लीजवळची जागा’ असे लिहिले तर फाइलीत तिचा पत्ता लागत नाही. नदीकाठची जागा असेल तर पूररेषेचा नकाशा मागावा. एकट्याने दिली तरी चालते, पण पन्नास जणांनी वेगवेगळी दिली तर पन्नास नोंदी होतात, आणि सुनावणीला प्रत्येकास बोलवावे लागते. पोच मात्र शिक्क्यासह घ्यावी, आणि तिची एक प्रत घरात, एक शेजाऱ्याकडे ठेवावी.