गोचीड उन्हाला का भिते?

सिद्धेश्वरसारख्या रानालगतच्या गावात चरून आलेल्या गुरांबरोबर गोचीडही अंगणात येते. तिच्या एका रानातल्या जातीने २०१६ साली सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात माकडताप पसरवला होता.

गोचिडीला उडता येत नाही. गवताच्या पात्यावर चढून ती सावजाची वाट पाहते. पण तेथे ती सुकू लागते. वस्तू जितकी लहान, तितका आकारमानाच्या मानाने तिचा पृष्ठभाग मोठा. म्हणून तिच्या अंगातले पाणी लवकर उडते. मग ती खाली पाचोळ्यात उतरून दमट हवेतली वाफ शोषते.

तिचा हा आसराच मोडा. पाचोळा झाडा, गवत कापा, अंगणात ऊन येऊ द्या. गोठ्याच्या भेगा बुजवा. अंगाला चिकटलेली गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. चिरडू मात्र नका!