नवं करू या, नाव जपू या

आज आम्ही आमच्याच गटाची एक चूक तुम्हाला सांगणार आहोत. सांगायला थोडी लाज वाटते. पण त्यातून आम्ही जे शिकलो ते तुमच्या कामी यावं, म्हणून गटातल्या सगळ्याजणींना विचारूनच बोलतो आहोत.

आम्ही दहाजणी मसाले, चटण्या आणि दिवाळीत फराळ करतो. आधी विक्री बाजारच्या दिवशी आणि ओळखीपाळखीत व्हायची. मग गटातल्या सर्वांत लहान सुनेने सुचवलं, व्हॉट्सअॅपवर ग्राहकांचा ग्रुप करू या. ताज्या मसाल्याचा फोटो टाकायचा, ऑर्डर तिथेच घ्यायची, पैसे क्यूआर कोडवर. आम्हा मोठ्यांना वाटलं, हे काय नवीन खूळ! पण दोन वर्षांत ग्रुपमध्ये 140 ग्राहक जमले. ज्या गावांना आम्ही कधी गेलो नाही तिथून कांदा-लसूण मसाल्याला मागणी येऊ लागली.

दिवाळीला तीन आठवडे होते. एका जुन्या ग्राहकाच्या नंबरवरून मेसेज आला, "ताई, माझा सहा आकडी कोड चुकून तुमच्या मोबाइलवर आलाय, जरा पाठवता का?" खरंच एक कोड आलेला होता. आमच्या सूनबाईने भाबडेपणाने तो पाठवला. पाच मिनिटांत आमचं व्हॉट्सअॅप बंद पडलं.

तो कोड ग्राहकाचा नव्हताच, आमचाच होता. कुणी नव्या फोनवर आपल्या नंबरचं व्हॉट्सअॅप सुरू करायला गेलं, की आपल्या सिमवर सहा आकडी कोड येतो. घराची किल्लीच म्हणा ना. ज्याच्या हाती कोड, त्याच्या फोनवर आपलं खातं. मेसेज करणारा तो ग्राहकही नव्हता. त्याचं खातं चोराने आधीच पळवलं होतं आणि तिथून तो आमच्यापर्यंत पोचला होता.

खात्याबरोबर आमचा ग्रुपही चोराला मिळाला. त्याने आमच्याच नावाने लिहिलं, "दिवाळी फराळाची आगाऊ नोंदणी सुरू, आज पैसे भरणाऱ्यांना 20 टक्के सूट." खाली क्यूआर कोड त्याचा. आमच्या नावावर विसंबून सहाजणींनी मिळून 5,400 रुपये भरले.

आणि खरी गोष्ट पुढे आहे. व्हॉट्सअॅप बंद पडलं हे सूनबाईला संध्याकाळीच कळलं होतं. पण ती कुणाला बोलली नाही. "सगळ्या म्हणतील, हिच्याच डोक्यातलं खूळ, हिनेच घात केला," ही भीती. दुसऱ्या दिवशी सकाळी एका ग्राहक वहिनींचा फोन आला तेव्हा आम्हाला समजलं. सहापैकी चारजणींनी पैसे त्या रात्रीतच भरले होते. कोडापेक्षा त्या गप्प बसण्याने जास्त नुकसान झालं. आणि त्यात तिच्यापेक्षा आमची चूक मोठी. चूक झाली तर येऊन सांग, तुला कुणी रागावणार नाही, असं आम्ही तिला कधी म्हटलंच नव्हतं.

मग काय केलं ते क्रमाने सांगतो.

पहिलं, आमच्या फोनवर व्हॉट्सअॅप पुन्हा टाकून आमचाच नंबर घातला. सिमवर नवा कोड आला, तो भरताच चोर बाहेर फेकला गेला. पण त्याने आत स्वतःचा एक पिन लावून ठेवला होता, त्यामुळे आम्हाला खातं उघडायला सात दिवस थांबावं लागलं. आपण आधीच तो पिन लावला असता तर नुसत्या कोडावर त्याला आत येताच आलं नसतं.

दुसरं, पैसे गेलेल्या सहाही जणींना आम्ही 1930 या नंबरवर फोन करायला लावला. हा ऑनलाइन फसवणुकीच्या तक्रारीचा सरकारी नंबर आहे. सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या सरकारी संकेतस्थळावरही तक्रार करता येते. यात उशीर चालत नाही. पैसे एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या खात्यात जाण्याआधी तक्रार पोचली तर बँक ते अडवू शकते. आमच्यापैकी सकाळी पैसे भरून लगेच फोन करणाऱ्या दोघींचे 1,800 रुपये असेच अडवले गेले. रात्री भरणाऱ्या चौघींचे गेले ते गेलेच.

तिसरं, ग्राहकांना सांगणं. यावर गटात वाद झाला. काहीजणी म्हणाल्या, कशाला बोभाटा करायचा, आपलंच नाव खराब होईल. पण मसाल्याचं पाकीट घेणारी बाई आमचे हात बघत नाही, पाकिटावरचं नाव बघते. 1959 साली मुंबईत गिरगावात सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. आज लिज्जतचं पाकीट घेताना ते कुणी लाटलं हे कोण विचारतं? नावावर भरवसा असतो. आणि भरवसा ठेवणारीला आपणच अंधारात ठेवलं, तर मग नावाला अर्थ काय?

आमच्याकडे ग्राहकांची नावं आणि नंबर लिहिलेली एक साधी वही होती. तिनेच तारलं. दहाजणींनी प्रत्येकी चौदा ग्राहक वाटून घेतले आणि दुपारपर्यंत सगळ्यांना फोन झाले. बोलणं सगळ्यांचं एकच: आमचं खातं चोरीला गेलंय, तो क्यूआर आमचा नाही, पैसे भरू नका, भरले असतील तर आधी 1930 ला फोन करा. काहीजण रागावले. बहुतेकजण म्हणाले, बरं झालं तुम्हीच कळवलंत.

मोठ्यांनाही हे चुकलेलं नाही. पुण्याची कॉसमॉस बँक 1906 पासूनची. ऑगस्ट 2018 मध्ये तिच्या संगणक यंत्रणेत घुसून चोरांनी 94 कोटींहून जास्त रुपये लुटले. बनावट कार्डं वापरून 28 देशांतल्या एटीएममधून पैसे काढले गेले. बँकेने काही सेवा बंद ठेवल्या, पोलिसांत तक्रार दिली आणि ग्राहकांच्या खात्यातले पैसे सुरक्षित आहेत असं जाहीरपणे सांगितलं. एवढ्या मोठ्या बँकेलाही शेवटी लोकांसमोर येऊन बोलावंच लागलं. मग आपण कशाला लपवायचं?

त्या सहाजणींना आम्ही फराळ दिला, त्याचे पैसे घेतले नाहीत. कायद्याने द्यायला हवा होता की नाही, या वादात शिरलो नाही. गटाच्या नफ्याला खार लागली, कुरकुरही झाली. पण त्यांनी पैसे भरले होते ते आमच्या नावावर.

यानंतर घरोघरी एकच सूर निघाला: बंद करा ते मोबाइलचं. आम्ही हिशेबाची वही काढली. निम्म्याहून जास्त विक्री मोबाइलवरून येत होती. सापाच्या भीतीने शेत पडीक ठेवत नाहीत, पायात वहाण घालून जातात. तशा काही वहाणा आम्ही घातल्या. त्या तुम्हीही घाला.

व्हॉट्सअॅपच्या सेटिंग्जमध्ये अकाउंट, तिथे टू-स्टेप व्हेरिफिकेशन सुरू करा आणि स्वतःचा सहा आकडी पिन लावा. हा पिन गटातल्या दोघींना ठाऊक असावा, एकीलाच नको. महिन्यातून एकदा लिंक्ड डिव्हाइसेस उघडून पाहा, अनोळखी फोन किंवा संगणक दिसला तर काढून टाका.

आलेला कोड कुणालाही सांगायचा नाही, अगदी सख्ख्या बहिणीच्या नंबरवरून मागितला तरी. आधी तिला फोन लावायचा, आवाज ऐकायचा.

पैसे घेताना यूपीआयचा पिन कधीच लागत नाही, तो देताना लागतो. "पैसे पाठवतो, पिन टाका" म्हणणारा चोरच. पैसे भरल्याचा फोटो दाखवला म्हणून माल द्यायचा नाही, आपल्या खात्यात जमा झाले का ते पाहायचं. दुकानात लावलेला क्यूआर रोज सकाळी एकदा तपासा, त्यावर दुसरा कागद चिकटवून जाणारेही असतात.

लग्नपत्रिका, सरकारी योजना, वीजबिल अशा नावाने आलेली एपीके फाइल उघडायची नाही. त्यातून फोनचा ताबा जाऊ शकतो.

गटाच्या नंबरचं रिचार्ज थकू देऊ नका. फार दिवस बंद राहिलेला नंबर कंपनी दुसऱ्याला देऊ शकते. आणि ग्राहकांचा ग्रुप करण्याऐवजी ब्रॉडकास्ट लिस्ट वापरा. ग्रुपमध्ये सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात, लिस्टमध्ये दिसत नाहीत. फक्त ग्राहकाने आपला नंबर त्याच्या मोबाइलमध्ये साठवलेला असला पाहिजे, तरच मेसेज पोचतो. ग्राहकाचं नाव, पत्ता, नंबर ही त्याची आपल्याकडची ठेव आहे, ती उघड्यावर ठेवायची नाही.

आणखी एक नियम आम्ही गटाच्या वहीत पहिल्या पानावर लिहिला: मोबाइलवर काही वेगळं घडलं की त्याच घटकेला अध्यक्षांना सांगायचं, आणि सांगणारीला कुणी एक शब्द बोलायचा नाही. ओरडा बसणार असेल तर कुणीही चूक लपवतेच. पुढे ती नवीन काही सुचवायलाही कचरते. म्हणजे गटाचं दोन्हीकडून नुकसान.

आमची सूनबाई काही दिवस फोनला हातच लावत नव्हती. आम्ही तिला म्हटलं, ग्राहकांना फसवणूक कशी ओळखायची हे तूच सांग, तुझ्याइतकं कुणाला कळलंय? तिने एक मिनिटाचा व्हिडिओ केला. आता नव्या ग्राहकाला मसाल्याच्या यादीआधी तो व्हिडिओ जातो. प्रत्येक पाकिटावर आमचा एकच नंबर छापलेला असतो आणि खाली ओळ असते: "दुसऱ्या नंबरवर पैसे भरू नका, शंका आली तर फोन करा." ही कल्पनाही तिचीच.

तर मैत्रिणींनो, हे वाचून झालं की आधी दोनच कामं करा. मोबाइलमध्ये तो पिन लावा आणि ग्राहकांचे नंबर एका वहीत उतरवून घ्या. मग पुढच्या बैठकीत गटातल्या सगळ्यात धाकटीला विचारा, "तुला काही नवीन सुचतंय का गं?"