एकेक सुटत जाणारी हालचाल

चाळिशीपासून सत्तरीपर्यंत माणसाची हालचाल एकदम थांबत नाही. एकेक सवय सुटत जाते. आधी धावणे आणि मैदानी खेळ सुटतात, मग जिने आणि ओझे उचलणे. जमिनीवर मांडी घालून बसण्याची जागा कधी खुर्चीने घेतली, हे बहुतेकांच्या लक्षातही येत नाही. चालणे सर्वांत जास्त टिकते, पण त्याचाही वेग मंदावतो.

मध्यमवयात बरीचशी हालचाल कामाच्या ओघात होते: बसथांब्यापर्यंतची पायपीट, बाजारहाट, मुलांची ने-आण. महाराष्ट्रात बहुतेक राज्य सरकारी कर्मचारी ५८व्या वर्षी निवृत्त होतात आणि हा ओघ तुटतो. काहीजण सकाळचा फेरफटका सुरू करतात. पण तासभर फिरून उरलेला दिवस बसून काढला, तर एकूण हालचाल पूर्वीपेक्षा कमीच भरते. बाईला घरकामातून निवृत्ती नसते, तरी पुढे घरचेच ‘आता तुम्ही बसा’ म्हणत हातातले काम काढून घेतात. यात माया असते, पण शरीराचे नुकसानही होते.

तिशीनंतर दर दहा वर्षांनी स्नायू साधारण ३ ते ८ टक्क्यांनी घटतात, साठीनंतर अधिक वेगाने. ताकद त्याहूनही लवकर उतरते. गुडघा दुखतो म्हणून चालणे कमी होते, त्यामुळे मांडीचे स्नायू दुबळे होतात आणि गुडघ्यावरचा भार आणखी वाढतो. एकदा पडल्यावर बसणारी धास्तीही अशीच माणसाला घरात कोंडते.

यातले किती वयामुळे आणि किती बसून राहिल्यामुळे? अमेरिकेत डॅलसला १९६६ साली विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवण्यात आले. तीस वर्षांनी त्याच पाचजणांची पुन्हा तपासणी झाली, तेव्हा दिसले, की त्या तीन आठवड्यांनी त्यांची श्रम करण्याची क्षमता जेवढी घटली होती, तेवढी तीस वर्षांच्या वयवाढीनेही घटली नव्हती. पन्नाशीत सहा महिने व्यायाम केल्यावर त्यांनी वयामुळे गमावलेली क्षमता परत मिळवली.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशींनुसार प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी. पासष्टीनंतर त्याच्या जोडीला तोल आणि ताकद वाढवणारे व्यायाम आठवड्यातून तीन दिवस सांगितले आहेत. आपल्याकडे नेमके तेच राहून जाते. खुर्चीतून हात न टेकता उठणे, भिंतीचा आधार घेऊन एका पायावर उभे राहणे, एवढ्यानेही सुरुवात होते. हृदयविकार किंवा सांध्यांचा त्रास असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे.

उशीर झाला, असे मात्र कोणी समजू नये. बोस्टनमध्ये एका शुश्रूषागृहातल्या नव्वदीच्या वृद्धांकडून आठ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम करून घेण्यात आला. १९९० साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले: पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली होती आणि दोघांनी चालताना काठी घेणे सोडले होते.