वार्धक्य आणि मरणाचा विचार

श्रोतेहो, आज मी जो विषय घेऊन आपल्यापुढे आलो आहे, तो दिवेलागणीच्या वेळी घरात काढला तर कोणीतरी लगेच म्हणेल, "तिन्हीसांजेला हे काय अभद्र!" विषय मरणाचा आहे. पण मरणानंतर काय होते, आत्मा कोठे जातो, या प्रश्नांत मी शिरणार नाही. त्यासाठी कीर्तनकार आहेत, शास्त्रीबुवा आहेत. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना मरणाविषयी काय वाटते आणि ते आपण ऐकून घेतो की नाही, एवढ्यापुरतेच मी बोलणार आहे.

आमचे गाव बार्शी तालुक्यातले. माझ्या आजीची एक पत्र्याची ट्रंक होती. दिवाळी झाली की ती ट्रंक उघडायची आणि आतले एक गाठोडे उन्हात घालायची. त्यात एक कोरे लुगडे, काशीहून आणलेला गंगेचा गडू, तुळशीची वाळकी मंजिरी आणि रुमालात बांधलेल्या थोड्या नोटा असत. सुनांना हाक मारून ती सांगायची, "हे माझ्या जाण्याच्या वेळचं. मागाहून शोधाशोध नको. आणि तेराव्याला बुंदी करा, पोरांना आवडते." आम्ही पोरे हसायचो, तीही हसायची. ती गेली ती घरातच, माजघरात. गडू कोठे आहे हे सगळ्यांना ठाऊक होते.

आता दुसरी हकीकत. ती सांगताना मला थोडा संकोच वाटतो. मी महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवतो. वार्धक्याचा भाग दरवर्षी फळ्यावर मुद्दे काढून शिकवतो. माझे वडील प्राथमिक शिक्षक होते. आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू. पंचाहत्तरी उलटल्यावर एकदा ओसरीवर ते मला म्हणाले, "अरे, जरा बस. माझं काही बरंवाईट झालं तर काय करायचं, ते एकदा बोलून ठेवू." मी म्हणालो, "अण्णा, असलं काही बोलू नका. तुम्ही शंभरी गाठणार." ते गप्प झाले. पुढे आणखी दोनदा त्यांनी विषय काढला आणि दोन्ही वेळा मी तो बदलला.

दीड वर्षाने त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. वाचा गेली. रुग्णालयात नाकात नळी घालून ते सव्वीस दिवस होते. डॉक्टर विचारत, "उपचार कुठवर न्यायचे?" धाकटा भाऊ म्हणे, जमीन विकू पण सगळं करू. बहीण म्हणे, त्यांना घरी नेऊ या. दोघांत शब्दाने शब्द वाढला. दोघांनीही माझ्याकडे पाहिले, कारण मी थोरला. आणि अण्णांना काय हवे होते, ते मला सांगता येईना. ते सांगायला आले होते. मीच त्यांना थांबवले होते.

अण्णा गेल्यावर मी माझीच पुस्तके पुन्हा उघडली. त्यांतल्या तीन गोष्टी आपल्यापुढे ठेवतो.

पहिली गोष्ट अशी, की मरणाची भीती वयाबरोबर वाढतच जाते, हा आपला समज बरोबर नाही. पाश्चात्त्य देशांत झालेल्या अनेक पाहण्यांत ही भीती मध्यम वयात अधिक आणि म्हातारपणी बहुधा कमी आढळली आहे. विचार केला तर हे पटते. चाळिशीच्या माणसाची मुले शिकायची असतात, कर्ज फेडायचे असते. सत्तरी ओलांडलेल्याने आपले आईबाप, भावंडे, सोबती पोचवलेले असतात. मरण त्याच्या ओळखीचे झालेले असते. तेव्हा "असलं बोलू नका" असे आपण म्हणतो, ते पुष्कळदा त्यांना धीर देण्यासाठी नसते. आपल्याच मनातली भीती आपण झाकत असतो.

दुसरी गोष्ट. मरणाची भीती वेगळी आणि मरतानाच्या हालांची भीती वेगळी. आपल्याकडची म्हातारी माणसे काय म्हणतात ते आठवा. "हातपाय चालते आहेत तोवर डोळे मिटावेत." "कुणाकडून करून घ्यायची वेळ येऊ नये." यात मरणाला नकार नाही. अंथरुणाला खिळणे, वेदना, मुलांवर भार होणे आणि अखेरच्या घटकेला जवळ कोणी नसणे, यांची धास्ती आहे. यातल्या पुष्कळ गोष्टींवर माणसाच्या हाती इलाज आहे. डेम सिसिली साँडर्स या डॉक्टरबाईंनी १९६७ साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केले. रोग बरा होणार नसला तरी रुग्णाची वेदना कमी करता येते, हे त्यांनी दाखवून दिले. आणि वेदना शरीराची असते तशीच मनाची, नात्यांची आणि श्रद्धेचीही असते, असे त्या मानत. आपल्या मुंबईत वांद्र्याला १९८६ साली शांती आवेदना सदन निघाले. केरळात कोझिकोड येथे १९९३ पासून हे काम उभे राहिले. पुढे तेथे गावोगावचे साधे लोक शिकून तयार झाले आणि परिचारिकांबरोबर रुग्णाच्या घरी जाऊ लागले. या सेवेला पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे वेदनाशामक किंवा परिहार सेवा, म्हणतात. आपल्या जिल्हा रुग्णालयात ती मिळते का, याची चौकशी जरूर करावी.

तिसरी गोष्ट मागे वळून पाहण्याची. आजोबा तीच ती हकीकत पुन्हा सांगतात, म्हणून घरातले कंटाळतात. रॉबर्ट बटलर या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाने १९६३ साली असे मांडले, की हा केवळ विसराळूपणा किंवा बडबड नव्हे. शेवट जवळ आल्याची जाणीव झाली की माणूस आयुष्याचा जमाखर्च मांडू लागतो. काय साधले, काय राहिले, कोणाशी चुकलो. बांधावरून भावाशी अबोला धरलेला असतो. तो आता मनात टोचू लागतो. अशा वेळी ऐकणारे माणूस मिळाले तर गाठ सुटते. नाही मिळाले तर ती तशीच राहते.

येथे एक इशारा दिला पाहिजे. मरणाविषयी शांतपणे बोलणे वेगळे, आणि "मला आता जगायचंच नाही" असे म्हणत अन्न टाकणे, झोप उडणे, कशातच मन न लागणे वेगळे. दुसऱ्या प्रकारात नैराश्याचा आजार असू शकतो. "म्हातारपणी असं व्हायचंच" म्हणून तो सोडून देऊ नये, कारण त्यावर उपचार आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे, किंवा टेलिमानस या सरकारी सेवेला १४४१६ या क्रमांकावर फोन करावा.

मग आपण करायचे काय? फार काही नाही. म्हातारे माणूस विषय काढील तेव्हा उठून जाऊ नये. "तुम्हाला काय वाटतं?" एवढे विचारावे आणि गप्प बसावे. आजारपणात कोठवर उपचार हवेत, घरी राहायचे की रुग्णालयात, कोणाला भेटायचे आहे, हे विचारून घ्यावे. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली आणि २०२३ साली त्याची रीत सोपी केली. आता सज्ञान माणसाला शुद्धीत असताना दोन साक्षीदारांसमोर सही करून, नोटरीकडून किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून ते साक्षांकित करून घेता येते. स्वतःला निर्णय सांगता येईनासा झाला तर आपल्या वतीने कोणी बोलावे, हेही त्यात लिहिता येते. शिक्षकबंधूंनी आणि भगिनींनी गावात ही माहिती सांगितली, तर अनेक घरांतली भांडणे टळतील.

गेल्या वर्षी मी सुट्टीत गावी गेलो. आई शेंगा फोडत बसली होती. मी तिच्याजवळ बसलो आणि म्हणालो, "आई, अण्णांचं मी ऐकलं नाही. तुझं ऐकायचं आहे." तिने मान वर केली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "मला नळ्या नकोत. घरात असू दे. आणि तुझ्या मामाला एकदा बोलाव. नऊ वर्षं झाली." एवढे सांगून तिने सूप माझ्याकडे सरकवले. त्या दुपारी आम्ही दोघांनी पायलीभर शेंगा फोडल्या. मामा पुढच्या रविवारी आले. काय बोलले ते मला ठाऊक नाही. पण चहा दोनदा झाला.

श्रोतेहो, आपल्या घरीही कोणी बोलायला थांबले असेल. आज रात्री जेवणे झाल्यावर त्यांच्याजवळ जरा बसा.