मिरचीच्या जनुकसंचातील बांडगूळ

डहाणू आणि तलासरी तालुक्यांत पावसाळी भात निघाल्यानंतर, जेथे पाण्याची सोय आहे तेथील वाड्यांमध्ये मिरचीची आणि ढोबळी मिरचीची लागवड होते. तिखट मिरची आणि ढोबळी मिरची या एकाच वनस्पतिजातीच्या असून टोमॅटो हा त्यांचा जवळचा भाऊबंद आहे. टोमॅटोचा जनुकसंच, म्हणजे पेशीतील डीएनएचा चार रासायनिक अक्षरांत लिहिलेला संपूर्ण मजकूर, 2012 मध्ये आणि मिरचीचा 2014 मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा एक विलक्षण तफावत समोर आली. टोमॅटोचा मजकूर साधारण 90 कोटी अक्षरांचा, तर मिरचीचा सुमारे 348 कोटींचा, म्हणजे मिरची तोडणाऱ्या माणसाच्या जनुकसंचाहूनही लांब निघाला. प्रथिने कशी घडवावीत हे सांगणारी जनुके मात्र दोन्ही पिकांत सारखीच, साधारण 35 हजार आहेत. मग मिरचीतील उरलेला पसारा कशाचा, या प्रश्नाचे उत्तर मुख्यत्वे रेट्रोट्रान्सपोझॉन या एका शब्दात सापडते.

जनुकसंचात जागा बदलणारे डीएनएचे तुकडे असतात, हे बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी मक्याच्या दाण्यांवरील रंगीत ठिपक्यांचा अभ्यास करून विसाव्या शतकाच्या मध्यास दाखवून दिले आणि त्यासाठी त्यांना 1983 चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांनी अभ्यासलेले तुकडे जुनी जागा सोडून नव्या जागी जातात. रेट्रोट्रान्सपोझॉन मात्र जागचा हलत नाही, तो स्वतःची नक्कल दुसरीकडे पाठवतो. आधी त्याच्यावरून आरएनएची प्रत तयार होते, मग रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज नावाचे विकर त्या आरएनएवरून उलट दिशेने पुन्हा डीएनए घडवते आणि ही नवी प्रत जनुकसंचात अन्यत्र जाऊन बसते. मूळ प्रत जागीच राहत असल्यामुळे प्रत्येक फेरीला मजकूर वाढतो. आंब्याच्या फांदीवरील बांडगूळ जसे झाडाच्याच रसावर पोसले जाते, तसा हा तुकडा पेशीच्याच यंत्रणेवर वाढतो. फरक एवढाच की तो बीजातून पुढील पिढीतही उतरतो. मिरचीच्या जनुकसंचाचा तीन चतुर्थांशांहून अधिक भाग अशा फिरत्या तुकड्यांनी व्यापला असून त्यांत रेट्रोट्रान्सपोझॉनचा वाटा सर्वांत मोठा आहे.

या पसाऱ्याला दीर्घकाळ अडगळ म्हटले गेले. ते सर्वस्वी चूक नव्हते, कारण बहुतेक प्रती मोडक्या आणि निष्क्रिय असतात. तथापि नक्कल करणारी ही यंत्रणा कधीकधी चुकून पेशीच्या स्वतःच्या जनुकाचा आरएनए उचलते आणि त्याचीही डीएनए-प्रत करून ती दुसरीकडे रोवते. मूळ जनुकाच्या मध्ये येणारे, प्रथिनाच्या कामाचे नसलेले भाग आरएनए तयार होताना गळून गेलेले असल्याने अशी नक्कल ओळखू येते. कोरियातील संशोधकांनी 2017 मध्ये दाखवले, की मिरचीच्या रोगप्रतिकारक जनुकांपैकी अनेक जनुके याच मार्गाने वाढली असून तंबाखूवरील मोझॅक विषाणूच्या गटापासून संरक्षण देणारे एल हे जनुकही त्यांत मोडते. हे उपकार हेतूपूर्वक झालेले नाहीत. असंख्य निरुपयोगी नकलांतून एखादी कामी आली आणि निवडीने ती टिकवली, इतकेच म्हणता येते.

डहाणूहून जव्हारमार्गे घाट चढून नाशिककडे गेल्यास द्राक्षबागांमध्ये याच व्यवहाराची डोळ्यांना दिसणारी खूण आढळते. द्राक्षाच्या सालीला काळा-लाल रंग देणारे द्रव्य बनवण्याची आज्ञा देणाऱ्या एका जनुकाच्या आरंभापाशी ग्रेट1 हा रेट्रोट्रान्सपोझॉन जाऊन बसला, त्यामुळे ते जनुक मुके झाले आणि साल हिरवट-पांढरी राहिली, असे जपानी संशोधकांनी 2004 मध्ये दाखवले. काही वाणांत हा तुकडा पुढे बहुतांशी गळून गेला आणि त्याचे केवळ एक टोक मागे राहिले, तेव्हा सालीवर तांबूस रंग परतला. द्राक्षाची अभिवृद्धी कलमांनी होते, म्हणून असा बदल एका फांदीत घडला तरी तो जसाच्या तसा जपता येतो. खिरणीच्या खुंटावर चिकूचे कलम बांधणाऱ्या घोलवड-बोर्डीच्या बागायतदाराला हे तत्त्व नवे वाटणार नाही.

प्राण्यांची कथा अधिक विचित्र आहे. गाईच्या जनुकसंचाचा साधारण चतुर्थांश भाग बोव्ह-बी नावाच्या रेट्रोट्रान्सपोझॉनने आणि त्याच्या आधाराने पसरलेल्या तुकड्यांनी बनलेला आहे, आणि त्याचे जवळचे नातेवाईक साप-सरड्यांत सापडतात. गाय आणि साप यांचा वंश फार पूर्वी वेगळा झालेला असल्यामुळे ही समानता वारशाने आली असे मानता येत नाही. ऑस्ट्रेलियातील संशोधकांना 2013 मध्ये हाच तुकडा सरपटणाऱ्या प्राण्यांचे रक्त पिणाऱ्या गोचिडांतही आढळला, त्यामुळे एका प्राण्यातून दुसऱ्यात तो नेण्याचे काम गोचिडांनी केले असावे, असा तर्क मांडला गेला. माणसातही एल1 हा एकच प्रकार जनुकसंचाच्या सुमारे 17 टक्के जागा अडवून आहे, आणि रक्त गोठवणाऱ्या आठव्या घटकाच्या जनुकात त्याची प्रत घुसल्याने हिमोफिलिया झाल्याची उदाहरणे 1988 मध्येच नोंदली गेली.

एवढे उपद्रवी तुकडे पोटात बाळगूनही सजीव तग धरतात, कारण पेशी त्यांवर मिथिल गटांच्या रासायनिक खुणा लावून त्यांना झोपवून ठेवते. ही झोप मोडते तेव्हा काय होते, हे भातात स्पष्ट दिसले. भाताच्या जपानी वाणात टॉस17 या रेट्रोट्रान्सपोझॉनच्या मोजक्याच प्रती असतात, परंतु प्रयोगशाळेत ऊतिसंवर्धनाने, म्हणजे पेशींच्या गोळ्यापासून रोप वाढवताना, तो जागा होतो आणि नव्या ठिकाणी प्रती रोवू लागतो. पूर्ण रोप तयार झाले की पुन्हा शांत होतो. 1996 मध्ये लक्षात आलेल्या या स्वभावाचा उपयोग करून संशोधकांनी भाताची हजारो बदललेली रोपे तयार केली आणि जेथे टॉस17 घुसल्याने रोप खुजे राहिले किंवा दाणा भरला नाही, तेथे मोडलेले जनुक कोणते हे पाहून त्या जनुकाचे काम ओळखले.